एकट्या आहात ना?

आमच्या घरात फोन स्पीकरवर बोलायचा असतो. असा नियम कोणी केलेला नाही, पण घरात मोबाइल आला तेव्हापासून तो चालत आलेला आहे. फोन कानाला लावून कोपऱ्यात बोललं की तो चोरटा फोन. माहेरचा असो, शाळेतला असो की गॅसवाल्याचा, सगळ्यांनी ऐकायचा. त्यात आमच्याकडे रेंज येते ती फक्त ओटीवर, डाव्या खांबापाशी, आणि त्या खांबाला टेकून माझी सासू दिवसभर बसलेली असते. वाल सोलते, तांदूळ निवडते, रस्त्याने कोण गेलं ते बघते. तेव्हा नियम मोडायची सोयही नाही.

मी किन्हवलीच्या एका शाळेत लिपिक आहे. दाखले, पगारबिलं, शिष्यवृत्तीची कामं, सगळं माझ्याकडे. कामाला मी कधी घाबरले नाही. पण गेल्या वर्षी असं व्हायला लागलं की संगणकासमोर बसल्यावर छाती धडधडायची, हाताला घाम यायचा आणि समोरचा आकडा आकडा म्हणून दिसायचाच नाही. घरी आलं की कशातच जीव नसायचा. भात करपला तरी मी चुलीजवळच उभी असायचे. शहापूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, अशक्तपणा म्हणाले, बायकांचं या वयात असं होतं म्हणाले. तीन वेळा तेच झाल्यावर पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मोबाइलवर डॉक्टर लावून दिली. व्हिडिओवर तपासणी, चिठ्ठी फोनवरच, गोळ्या मेडिकलमधून आणायच्या. कल्याणला जायला नको, रजा नको, दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं कोणी भेटायला नको. मला ते पटलं.

सासूचीही हरकत नव्हती. आमच्यात अंगारेधुपारे बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. आजार म्हटला की डॉक्टर, हे तीच दुसऱ्यांना ऐकवते. फक्त तिला डॉक्टर काय बोलते ते ऐकायचं होतं.

पहिल्या वेळी मी इयरफोन लावले. शनिवार होता, शाळा सकाळची, दुपारी घर जरा शांत. फोन तांब्याला टेकवून उभा केला. समोर तरुण डॉक्टरीण, मागे पांढरी भिंत, बोलणं पुण्याचं. तिने आधी नाव विचारलं, मग वय, मग म्हणाली, "तुम्ही एकट्या आहात ना मॅडम? मोकळेपणाने बोलता येईल ना?"

मी म्हटलं, हो.

तेवढ्यात सासूने माझ्या दंडाला बोट लावलं. "काय गो, दोन हायत ना ती बोंडं? एक मला दे." आणि दिलं नाही तर ती किती दिवस काय काय बोलेल हे माहीत असल्यामुळे मी दिलं. आम्ही दोघी एका वायरीला बांधलेल्या, मी खांबाच्या अलीकडे, ती पलीकडे. डॉक्टरणीला माझाच चेहरा दिसत होता.

झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का, रडू येतं का. मी एकेक उत्तर देत गेले. उत्तर देताना माझ्या लक्षात यायचं की मी ते डॉक्टरणीसाठी देत नाही, दुसऱ्या बोंडासाठी देते आहे. घरात काही त्रास आहे का, या प्रश्नाला मी इतक्या घाईने नाही म्हटलं की डॉक्टरणीने मान वर करून पाहिलं. शेवटी तिने हळू आवाजात विचारलं, जगणं नकोसं वाटतं का कधी.

"नाही," मी म्हटलं.

"कशाला वाटेल," सासू वायरीच्या पलीकडून म्हणाली. "सगला हाय घरात."

पुढच्या वेळेपासून इयरफोनचा खटाटोप सोडला. स्पीकर. मग तर ती जाहीर सभाच झाली. जेवण कसं आहे विचारलं की मी तोंड उघडायच्या आत सासूच पुटपुटायची, दोन भाकऱ्या खाते, तिला काय झालंय. शेजारची काकी नेमकी शनिवारीच ताक मागायला यायला लागली. नवरा आसनगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला असायचा, तो आतून ओरडून सांगायचा, ॲसिडिटीचं विचार. डॉक्टरीण दर वेळी न चुकता विचारायची, एकट्या आहात ना. मी दर वेळी हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं तर ती फोन ठेवेल आणि चिठ्ठी मिळणार नाही अशी मला भीती होती.

गोळ्यांची आणखी एक गंमत. किन्हवलीच्या मेडिकलवाल्याने माझा फोन हातात घेतला, चिठ्ठी दोन बोटांनी मोठी केली आणि आत उभ्या भावाला हाक मारून विचारलं, ही डोक्याची गोळी आहे का आपल्याकडे, शाळेच्या मॅडमना हवी आहे. काउंटरवर आमच्या शाळेतले दोन पालक होते. त्या दिवसापासून मी गोळ्या शहापूरहून आणायला लागले. एसटीने जाऊन येण्यात अर्धा दिवस जायचा, पण तिथे मी कोणाची मॅडम नव्हते.

गोळीचा गुण आला नाही असं मी म्हणणार नाही. छातीची धडधड गेली. पगारबिल पुन्हा जमायला लागलं. पण सकाळचं ते होतंच. जाग आली की पहिला विचार एकच यायचा, अजून एक दिवस. आणि त्या विचाराला जोडून दुसरा, जो मी इथेही पूर्ण लिहिणार नाही. दिवसभर कामात तो मागे राहायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उशाशी हजर. हे डॉक्टरणीला सांगायला हवं होतं, कारण तिच्याकडची गोळी याच्यासाठीच होती. ते सांगायला मला दहा मिनिटांची रिकामी जागा हवी होती. तालुक्यात डोंगर आहेत, जंगल आहे, शेतं आहेत, पण जिथे रेंज आहे तिथे माणूस आहे.

एकदा शाळेत प्रयत्न केला. शनिवारी मुलं सुटल्यावर प्रयोगशाळेत शिरले, दार लोटलं, खिडकीत फोन धरला. डॉक्टरीण दिसली, एकट्या आहात ना म्हणाली, आणि मी पहिल्यांदाच खरं सांगितलं की हो. तिथेच तिचं चित्र थिजलं, तोंड अर्धवट उघडं. मी हॅलो हॅलो करत होते, तोवर शिपाईमामा कुलूप लावायला आले. कोणाशी बोलताय मॅडम, म्हणाले. मुलीशी म्हटलं. माहेरी जाऊन बघितलं असतं, पण माझं माहेर टोकावड्याच्या पुढे घाटाकडे. तिथे दोन ढाबे सोडले तर फोनला काडीही येत नाही, आणि ढाब्यावर बसून बोलणाऱ्या बाईबद्दल मुरबाडपर्यंत काय पोहोचेल ते मला माहीत आहे.

मग तो शनिवार आला. ओटी, तांब्या, सासूच्या मांडीवर भिजवलेल्या वालांचं ताट. डॉक्टरीण आनंदात होती. तिने माझी मागची सगळी उत्तरं पाहिली होती. झोप चांगली, भूक चांगली, वाईट विचार नाहीत. "छान प्रगती आहे मॅडम," ती म्हणाली. "आता आपण डोस हळूहळू कमी करूया, आणि मग बंदच करता येईल."

ती चिठ्ठी टाइप करायला लागली. मला तिची बोटं दिसत नव्हती, फक्त टकटक ऐकू येत होती. त्या आवाजाने मला जी भीती वाटली तशी आधी कधी वाटली नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून दिलेली खोटी उत्तरं आता औषध होऊन माझ्याकडे परत येत होती.

"कमी करू नका," मी म्हटलं. "मी आजवर तुम्हाला खोटं सांगितलं. मला जगावंसं वाटत नाही. रोज सकाळी वाटतं."

टकटक थांबली. खांबापलीकडे वाल सोलणंही थांबलं. काकी ताकाचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तशीच मागे सरकली.

डॉक्टरणीचा आवाज बदलला. तिने व्यवस्थित, एकेक करून विचारलं, मीही व्यवस्थित सांगितलं. मग ती म्हणाली, "घरात दुसरं कोणी आहे का? त्यांना बोलावून घ्याल का जरा?"

बोलावायची गरज नव्हती. सासूने ताट बाजूला ठेवलं आणि फोनसमोर तोंड आणलं. "मी हाय," ती म्हणाली. "कदीची हाय."

एकट्या आहात ना, हे डॉक्टरणीने त्या दिवशीही विचारलं होतं. मी मघाशीच तिला हो म्हटलं होतं. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, हे मी तिच्या बाजूने मांडते. तिने गोळी वाढवली, दोन दिवसांत कल्याणला प्रत्यक्ष दाखवा म्हणाली, आणि सासूला सूचना दिल्या. यांना एकटं सोडू नका. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. घरात विषारी काही असेल तर कुलपात.

माझ्या सासूने डॉक्टरचं सांगणं आयुष्यात कधी टाळलेलं नाही. संध्याकाळपर्यंत फवारणीचं औषध पेटीत गेलं, किल्ली तिच्या कमरेला. नवऱ्याने न्हाणीघराची आतली कडी स्क्रू खोलून काढून टाकली. गोळ्यांचं पाकीट तिच्या पानाच्या डब्यात आलं. जेवण झालं की ती एक गोळी काढते, माझ्या तळहातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत बघते. गोळीला कात-चुन्याचा वास येतो. मला जगावंसं का वाटत नाही, कधीपासून, हे घरात कोणी विचारलं नाही. नवऱ्याने एकदा शर्ट घालता घालता विचारलं, "शाळेत काम जास्त पडतं का तुला?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणाला आणि पाळीला गेला.

कल्याणला आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि सासू. तिथले डॉक्टर वयस्क होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि या दोघांना म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा. मला वाटलं, मिळाली दहा मिनिटं. सासू खुर्चीतून हलली नाही. "तिला एकटी सोडायची नाय," ती म्हणाली. "तुमच्याच डॉक्टरणीने सांगितलाय." बाहेर रांग होती, नर्स दोनदा डोकावून गेली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूकडे पाहिलं. मग त्यांनी ऑनलाइन चिठ्ठी वाचली, बरोबर आहे म्हणाले, हीच चालू ठेवा, पुढचं तिकडेच दाखवा.

वाढवलेली गोळी लागू पडली आहे. सकाळी आता तो पहिला विचार रोज येत नाही, आला तरी चहापर्यंत जातो. हे मी नोंदवून ठेवते, कारण माझ्यासारखी एखादी बाई हे वाचून गोळी टाकून देईल, तसं होऊ नये. पण अंघोळीला गेले की लोटलेल्या दारापलीकडे सासूचा पाट सरकल्याचा आवाज येतो. शाळेत जाताना काकीचा मुलगा गाडीवर सोडतो, येताना आणतो. घरात काय त्रास आहे, या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला आता नीट माहीत आहे, एका वाक्यात बसेल एवढं. ते सासू शेजारी असताना बोलायचं नाही, आणि डॉक्टर समोर असताना सासू शेजारी नाही असं आता होत नाही.

गेल्या शनिवारी डॉक्टरीण पुन्हा दिसली. थोडी सावध, थोडी हसून. नमस्कार झाला आणि सवयीने तिने विचारलं, "एकट्या आहात ना मॅडम?"

"नाय," सासू वाल सोलता सोलता म्हणाली. "आता ती कदीच नसते."