सतरा व्हायरस आणि तीनशे कडक भाकरी

आमच्या घरातल्या मोबाइलची सुरक्षा माझ्याकडे आहे. म्हणजे, होती.

माझी बायको सुनंदा आमच्या कुंभारी गावात घरीच कडक भाकरी करून विकते. त्या रविवारी तिला पहिलीच मोठी ऑर्डर मिळणार होती. माळशिरसच्या लग्नासाठी तीनशे भाकरी! "अकराला फोन करते. न्हाई उचलला तर दुसरीकडं सांगते," असं नवरीच्या मावशीनं बजावलं होतं. सुनंदा सकाळपासून पीठ चाळत बसली होती.

तिचा फोन चार्जिंगला होता. त्यावर लालभडक अक्षरं आली, 'तुमच्या फोनमध्ये सतरा व्हायरस!' मी पडलो कॉलेजातला कारकून, कॉम्प्युटरवर बसणारा माणूस (प्रिंटर अडला की मलाच बोलावतात!). दाबलं 'साफ करा'. एक क्लीनर अ‍ॅप आला. त्यानं मागितल्या तेवढ्या परवानग्या मी उदार मनानं दिल्या. लगेच जाहिराती सुरू! त्या थांबवायला दुसरा क्लीनर टाकला, दुसऱ्यावर नजर ठेवायला तिसरा. सोबत एक टॉर्चही फुकट आला.

अकराला फोन वाजला. पण स्क्रीनभर टक्कल घालवणाऱ्या तेलाची जाहिरात! फुली दाबली, तर तेलाचं दुकानच उघडलं.

"अवो, उचला की!" सुनंदा पिठाच्या हातांनी धावली.

"उचलतोय गं! तेल मधे येतंय!"

"तेलाची गरज तुमाला हाय, माळशिरसला न्हाई!"

रिंग थांबली. पुन्हा वाजली, पुन्हा तेल. मग सगळं गप्प. सुनंदाचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिनं झटकन पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. गिऱ्हाइकांचे नंबर ती त्या झाकणाला आतून खडूनं लिहून ठेवते. ("काय हा अडाणीपणा!" असं मी दर आठवड्याला म्हणतो.) माझ्या फोनवरून तिनं नंबर लावला. "मावशी, सुनंदा बोलतीय. फोन बिघडलाय ओ... व्हय, व्हय, तीनशे. नक्की!"

हुश्श! माझ्या जिवात जीव आला.

मग ज्वारी निवडायला बसावं तशी ती फोन घेऊन बसली. "हे कुणी टाकलं?"

"मी."

"काढलं. टॉर्चला माझे कॉन्टॅक्ट कशाला पायजेत? काढलं!"

भाकरी माळशिरसला पोचल्या आणि त्या लग्नातूनच आणखी दोन ऑर्डरी आल्या. परवा शेजारच्या रेणुकावहिनी आल्या. "माझ्याबी फोनवर लई जाहिराती येत्यात. काय करू?"

"लाल अक्षरांना भ्यायचं न्हाई. मागंल त्याला परवानगी द्यायची न्हाई," सुनंदानं सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् फोन ह्यांच्या हातात द्यायचा न्हाई!"

हल्ली तिचा फोन चार्जिंगला लावायची परवानगी मला मिळते. पण तीही 'फक्त या वेळेपुरती'!