बालमंदिरात मिळालेली जागा

अमरावतीत मॉन्टेसरी पद्धतीचं बालमंदिर निघालं, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. मी अकोल्याकडच्या शेतकरी घरातली. चौथीपुढे मला कुणी शिकू दिलं नाही. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. नवरा शाळामास्तर, पण त्याला घाई नव्हती. मला होती.

प्रवेश म्हणजे परीक्षा, एवढीच माझी समज. म्हणून महिनाभर मी पोरीकडून अंक, वार, महिने आणि बेचा पाढा घोकून घेतला. कधी लाडू दाखवून, कधी धपाटा घालून. मग नवं परकर-पोलकं घालून, काजळ-तीट लावून तिला घेऊन गेले. बालमंदिराच्या बाई पुण्याकडच्या, पांढऱ्या खादीतल्या. पोरगी खडाखडा म्हणत गेली. बाई हसल्या. आत बसलेल्या दोन वकिलीणबाईंना त्यांनी ऐकायला बोलावलं, पोरीला पुन्हा म्हणायला लावलं आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "इथे मूल स्वतःच्या मनाने काम निवडतं. पढवलेला पोपट आम्हाला नको. तुम्ही हिचं बालपण आधीच संपवलंय."

घरी येताना पोरगी विचारत होती, "माय, माह्यं चुकलं काय?"

त्या प्रश्नाने मी पेटले ती पेटलेच. नवरा म्हणाला, सोडून दे, पुढच्या वर्षी पाहू. मी सोडून देणारी बाई नाही. बालमंदिराचं अंगण आमच्या मागच्या खिडकीतून दिसायचं. भाजी निवडायला मी तिथेच बसू लागले आणि डूख धरून वाट पाहू लागले.

थंडीत बातमी आली, नागपूरहून शिक्षणखात्याच्या तपासनीसबाई येणार. आणि खिडकीतून मला जे दिसलं, त्याने माझी दिवाळीच झाली. बाई मुलांची रोज तालीम घेत होत्या. पाहुण्या आल्या की तू मणी घ्यायचे, तू मनोरा रचायचा, तू रंगांच्या पट्ट्या लावायच्या. सगळं स्वतःच्या मनाने, हसत हसत. मी घरात अवाक्षर काढलं नाही.

तपासणीच्या दिवशी आयाबायांना पाहायची मोकळीक होती. मी पोरीचा हात धरून दारात उभी राहिले. मुलं उठली, आपापलं साहित्य घेऊन बसली. तपासनीसबाई कौतुकाने मान डोलवत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "बाईसाहेब, त्या मनोऱ्यावाल्या पोरीले जरा मणी घ्याले सांगा ना."

त्यांनी सांगितलं. ती मनोऱ्यावाली रडकुंडीला आली. "मी नाही घेणार. माझा मनोरा ठरलाय. बाई रागावतील."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला ओळखलं. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी आसुसले होते. उत्तरं जिभेच्या टोकावर तयार होती.

तेवढ्यात पोरीने माझा हात सोडला. ती सरळ आत गेली, कोपऱ्यात पाण्याची छोटी भांडी होती तिथे बसली आणि एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतू लागली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी हाक मारली, चल म्हटलं. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

बाई उठून तिच्याकडे गेल्या. आता हाकलतात, असं वाटून मी पदर खोचला. त्यांनी सतरंजी ओढून नीट केली, शेजारच्या मुलाला जरा सरकायला सांगितलं आणि माझ्या पोरीला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी तिथे जाऊ लागली. माझ्या अपमानाची फेड मी केली होती, तो हिशेब मिटला. पण ती जागा करून दिल्याबद्दल मी त्या बाईंना अजून माफ केलेलं नाही.