चिमणीच्या फोटोत आलेली माणसं

फोटोग्राफरच्या घरात निगेटिव्हचे डबे आणि किस्से सारखेच साठत जातात. डबे बायको एक दिवस भंगारात देऊन टाकते. किस्से भंगारवालाही घेत नाही, म्हणून ते मित्रांच्या माथी मारावे लागतात!

सन साठच्या आसपास अकोल्याकडे एक वीजघर उभं राहत होतं. आमचा स्टुडिओ अमरावतीचा. मी आणि माझा भागीदार गवई दर महिन्याला तिथे जायचो. एकाच जागेवरून तोच फोटो काढायचा, म्हणजे धुराची चिमणी किती वर गेली ते वरच्या साहेबांना कळावं. शेजारची वस्ती वीजघराची राख सोडायच्या तळ्यासाठी उठणार होती. आज ना उद्या घर सोडायचंय हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कॅमेरा दिसला की सगळी जवळ यायची.

*

जागा चुकू नये म्हणून गवईने तिथे एक खुंटी ठोकून ठेवली. पुढच्या महिन्यात गेलो तर तिला बैल बांधलेला!

"सोडा न भाऊ, फोटो काढाचा हाय," गवई म्हणाला.

मालक बसल्या जागेवरून म्हणाला, "बैल बांधाचा नव्हता तं खुटी ठोकली कायले?"

त्या वर्षीच्या बऱ्याच फोटोंत चिमणीच्या बाजूला एक शिंग आहे.

*

आमच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसायचं. वस्तीतल्या किसनआबांनी एकदा हट्टाने कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि ओरडतच बाहेर काढलं.

"अबे, हे तं धुराडं उलटं बांधून राहिले! समदा धूर आमच्या चुलीत येईन ना!"

आबा तडक बांधकामावरच्या, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरसाहेबांकडे गेले. साहेबांनी नकाशा पसरून सगळं समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कागद कोनीबी सीदा धरते, सायेब. तुमी त्या कापडात जाऊन पाहा!"

साहेब खरंच गेले. बाहेर आल्यावर त्यांनी चिमणीकडे दोनदा वळून पाहिलं.

*

वीजघरासाठी आलेला पाइप केवढा मोठा आहे ते दाखवायला साहेबांना त्याच्याजवळ एक माणूस उभा हवा होता. गवईने महादेव नावाच्या मजुराला सांगितलं, "थांब, तुया फोटो काढतो."

"आलोच!" म्हणून महादेव गायब. आला तो आंघोळ करून, लग्नातला कोट चढवून, बायको, सासू आणि सगळी पोरं घेऊन!

"अहो, एकच माणूस हवाय!" साहेब ओरडले.

महादेव गंभीरपणे म्हणाला, "येकट्याचा फोटो मेल्यावर लावतेत, सायेब."

मग सगळ्यांचाच काढला. पाइप कुठे दिसेना, पण माणसं झकास आली.

*

उद्घाटनाच्या मंडपात दोन मोठे फोटो लावायचे होते, आधीचा आणि आताचा. बांधकामाआधीचा फोटो कुणी काढलाच नव्हता, म्हणून अजून न उठलेल्या वस्तीचाच काढायचा ठरला, आणि त्यात जागा साहेबांना अगदी मोकळी हवी होती. पण वस्तीकडे कॅमेरा वळवला की कुणीतरी समोर यायचंच! साहेब वैतागले.

"गाव हाय ना थे, सायेब," गवई म्हणाला. "मानसं नाही तं काय दिसन?"

शेवटी भर उन्हाच्या वेळी, सगळी घरात असताना, तो फोटो घेतला. साहेब खूश. त्याखाली त्यांनी लिहून घेतलं, 'वीजघरापूर्वीची निर्जन जागा'. मला ते मुळीच आवडलं नाही.

उद्घाटनापर्यंत वस्ती उठली होती. पण नव्या जागेवरून लोक चालत आले. पाहुणे नव्या फोटोपुढे, ही सगळी जुन्यापुढे. "हे माहं कवाड!" "थो आमचा गोठा!" नुसता कल्ला!

पार्वताबाई नावाची म्हातारी काठी टेकत पुढे गेली. तिच्या भाच्याने खालची ओळ वाचून दाखवली.

"निर्जन म्हंजे?"

"म्हंजे तठी कोनी राहत नव्हतं, मावशी."

फोटोतल्या आपल्या घरावर तिने बोट ठेवलं. मग वळून साहेबांना म्हणाली,

"मी आतच होतो नं बापू, भाकरी करून राहिलो होतो. आवाज तं द्याचा!"