मायची किडनी, मामाजींचा काढा

मायनं आपली एक किडनी भाऊला दिली, तेव्हा पवनारात किडनी म्हणजे काय हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. मद्रासकडच्या दवाखान्यातून दोघं परतली आणि बघायला आलेली माणसं अंगणात मावेनात. भाऊ माझ्याहून मोठा, वर्ध्याला सायकलचं दुकान चालवायचा. तिकडच्या गोळ्यांनी त्याचं तोंड चांगलंच गोल झालं होतं. शेजारणी म्हणायच्या, "इडल्या मानवल्या व तुह्या पोराले!"

माय एरवी आमच्या मळ्यातली वांगी-मेथी बाजारात नेऊन विकणारी बाई. तिच्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईक कचरायचं. आता ती भाऊच्या खाटेशी ठाण मांडून बसली.

"माही किडनी हाये त्याच्यापाशी," ती दारातच सांगायची. "मले इचारल्याबिगर त्याले काई देऊ नोका."

द्यायला तर प्रत्येकानं काहीतरी आणलेलंच असायचं. कुणी गोखरूचं चूर्ण, कुणी गिरडच्या टेकडीवरची मुळी. कारंज्याच्या एका पाहुण्यानं तर धाब्यावर भेटलेल्या ट्रकवाल्याकडून काळ्या गोळ्या आणल्या होत्या. कशाच्या, ते त्यालाही माहीत नव्हतं. "पंजाबातल्या हायेत," एवढं मात्र तो अभिमानानं सांगत होता. मद्रासच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आम्हाला विचारल्याशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची नाही. म्हणून माय सगळं गोड बोलून ठेवून घ्यायची आणि पाहुणा एसटीत बसला की उकिरड्यावर टाकायची. भाऊ पडल्या पडल्या हसायचा. "उकिरडा लय तब्येतीत येऊन राह्यला, माय."

मामाजींच्या बाबतीत मात्र तिचं काही चालेना. मामाजी तिचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. झाडपाल्याची त्यांना खरी जाण होती. गावातल्या कितीतरी लेकरांची पोटं त्यांनी बरी केली होती. कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून, उकळून, गाळून ते स्वतः काढा घेऊन आले.

"पोरगं अशक्त दिसून राह्यलं. यानं अंगात ताकद येते."

"पण दादा, डॉक्टर म्हणते…"

"झाडपाल्यानं काय होते व? तुले नाई पाजला म्या लहानपणी?"

मायनं आधी स्वतः वाटीभर पिऊन पाहिला. दोन दिवस वाट पाहिली. तिला काही झालं नाही, म्हणून मग भाऊला रोज सकाळी द्यायला लागली. कडू तोंड करून भाऊ प्यायचा आणि मामाजी समाधानानं बघायचे.

काही आठवड्यांनी भाऊच्या पायांवर सूज आली. लघवी कमी झाली, बारीक ताप राहू लागला, नवी किडनी बसवलेली जागा दुखायला लागली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय सुरू केलं?"

मी भाऊकडे पाहिलं, भाऊनं मायकडे. माय हळूच म्हणाली, "काढा. गुळवेलीचा."

डॉक्टर रागावले नाहीत, खुर्ची जवळ ओढून बसले. "हे बघा, तुमच्या मुलाच्या शरीराला ही किडनी परकी वाटते. शरीरानं तिच्यावर हल्ला करू नये म्हणून गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय. आणि तुम्ही तीच वाढवायचा काढा पाजताय."

मायच्या कानात एकच शब्द शिरला होता. "परकी? माही किडनी माह्या लेकाले परकी?"

त्या एका शब्दानं ती रडली. ऑपरेशनच्या वेळीही ती रडली नव्हती.

भाऊला पुन्हा मद्रासच्या गाडीत बसवलं. तिथं जोरदार इंजेक्शनं दिली आणि किडनी वाचली. काढ्यामुळंच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नका, हेही म्हणाले.

परत आल्यावर माय मामाजींकडे गेली, मी सोबत होते. तिनं त्यांच्या पाया पडूनच सगळं सांगितलं. मामाजी पंच्याचं टोक चोळत राहिले.

"म्या त्याच्या भल्यासाठीच आणला होता व."

"मले मालूम हाये, दादा. म्हणून तर मी नाई म्हणू शकली नाई."

"मंग आता त्याच्यासाठी काय आणू?"

"काईच नोका आणू. फकस्त येत जा."

आणि ते येत राहिले. भाऊशी पत्ते खेळायचे, बिनधास्त लबाडी करायचे.

भाऊ पुढं दुकानात बसू लागला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. गोळ्या न चुकता चालू होत्या. एकदा मायचे गुडघे फार धरले, तेव्हा तिनं किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या मागवल्या. भाऊनं पाहिलं आणि तिच्यासमोरचा पाण्याचा गिलासच उचलून घेतला.

"काय करून राह्यली, माय? तुह्यापाशी एकच उरली. अशा गोळ्यांनी तिची वाट लागते, डॉक्टर म्हणत होते."

"मंग गुडघ्याचं काय करू?"

भाऊ उठला, चुलीवर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि तिचे गुडघे शेकत बसला. "अबे, चटका लागते!" माय ओरडत होती आणि दुसरा पाय पुढं करत होती.