शिव्या द्यायलासुद्धा नाही

अमेरिकेत, कॅरी गावात आल्यापासून मी एकाच न्हाव्याकडे केस कापतो. सत्तरीचा, उंच, गोरा माणूस. त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर बातम्या चालू असतात, पण आवाज बंद. कात्री चालवता चालवता तो निवेदकाचं पुढचं वाक्य हळूच बोलतो आणि क्षणभराने पडद्याच्या तळाशी नेमकी तीच अक्षरं उमटतात.

निवडणुकीआधी सगळी चॅनेल्स सांगत होती की जुना सिनेटर आरामात जिंकणार, तो आरडाओरडा करणारा नवखा काही टिकत नाही.

न्हावी म्हणाला, "सिनेटर पडणार."

"कशावरून?"

"सहा महिने झाले, या खुर्चीत बसून कोणी त्याचं नाव काढलेलं नाही. शिव्या द्यायलासुद्धा नाही."

सिनेटर पडला. पुढच्याच आठवड्यात एक वार्ताहर बाई कॅमेरा घेऊन दुकानात आल्या. "लोक एवढे का चिडलेत?" त्यांनी विचारलं. न्हाव्याने त्यांना अदबीने खुर्चीत बसवलं आणि एक शब्द न बोलता मागे उभा राहिला. बाकावरची गिऱ्हाइकंही बोलेनात. सगळे आरशातून त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिले. शेवटी बाई उठून गेल्या. मला हसू आलं. हसणारा मी एकटाच होतो.

मग माझा नंबर लागला. मानेवर वस्तरा टेकवून त्याने विचारलं, "तुला मत असतं, तर कोणाला दिलं असतंस?"

मी व्हिसावर आहे, मला इथे मत नाही, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला माहीत असतं," तो प्रेमाने म्हणाला.

मी मान अजिबात हलवली नाही.