पाठीवर थांबलेली गाडी

“गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक वढू नका, पुढचं मी बघतो,” असं पुंजाराम येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायचा.

औरंगाबादच्या बीड बायपासजवळच्या त्या मंगल कार्यालयात मोठ्या तिथीला जागेच्या दुप्पट गाड्या यायच्या. मग एकीमागे एक अशा तीन रांगा लागत आणि पुढच्या दोन रांगांतल्या गाड्या मोकळ्या सोडलेल्या असत. भिंतीकडच्या कुणाला मध्येच निघायचं झालं, तर पुंजाराम आडव्या गाड्या ढकलून वाट करून द्यायचा आणि ती गाडी गेली की पुन्हा सगळं जागच्या जागी आणायचा. शहरात बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. लोक किल्ली खिशात घालून जेवायला जात आणि बाहेर आपली गाडी चार ठिकाणी फिरून आली हे त्यांना कळतही नसे.

विम्याचे सर्व्हेअर मोहियोद्दीन यांनाही ही रीत माहीत होती. तीस वर्षं ते अपघाताच्या गाड्या तपासत आले होते. त्यांनी रीत पाहिली होती, पण ती चालवणाऱ्या माणसाकडे कधी पाहिलं नव्हतं.

त्या बुधवारी ते आले होते ते एका किरकोळ धडकेसाठी. रविवारच्या लग्नात, अक्षता पडायच्या सुमाराला, आशाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेची जुनी मारुती आपोआप घरंगळली आणि कंत्राटदार काकासाहेबांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर आदळली. आत कुणी नव्हतं, कुणाला खरचटलंही नाही. दाराला परातीएवढा पोचा आला होता आणि मारुतीच्या बंपरचा कोपरा तुटला होता. काकासाहेबांच्या गाडीचा पूर्ण विमा होता, त्यामुळे दार दुरुस्त होणारच होतं. प्रश्न होता तो चूक कुणाची, एवढाच. मोहियोद्दीन अहवालात ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याच्याकडून विमा कंपनी ती भरपाई पुढे वसूल करायला मोकळी होती.

दोन्ही गाड्या त्यांनी तिथेच मागवून घेतल्या होत्या; काकासाहेबांची रविवारच्याच जागी उभी केली होती. माणसंही आली होती आणि चूक कुणाची ते आधीच ठरलेलं दिसत होतं.

“बाई हँडब्रेक विसरल्या,” कार्यालयाचे व्यवस्थापक नानासाहेब म्हणाले. “एवढं लिहा आणि मोकळे व्हा, साहेब. चहा सांगतो.”

“शाळा शिकवणं येगळं असतंय बाई,” काकासाहेब हसत म्हणाले. “पोरं दम दिला की जागच्या जागी बसतेत. गाडी नाय बसत.”

आशाबाई हसल्या नाहीत. नवरा गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या होत्या. “इथल्या माणसानं सांगितलं होतं ब्रेक लावू नका म्हणून,” त्या हळूच म्हणाल्या. “असं वाटतंय. पण आता मलाच खात्री नाही देता येत.”

“आमचा माणूस असं सांगतच नाय. तो बोर्ड बघा.” नानासाहेबांनी भिंतीकडे हात केला. गाड्या आपापल्या जबाबदारीवर लावाव्यात, असं तिथे निळ्या रंगात लिहिलं होतं.

तीन दिवसांत इतक्या जणांनी, घरच्या जावयानेसुद्धा, तुम्हीच विसरलात म्हणून सांगितलं होतं, की आपल्या हाताने काय केलं हे बाईंना आता दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागत होतं. किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. घरी गेल्यावर ती जावयाच्या हातात द्यायची, असं त्यांनी ठरवलेलं होतं. तसं त्या म्हणाल्याही.

मोहियोद्दीन यांनी विचारलं, “मारुती कुठं उभी होती?”

नानासाहेबांनी लिंबाखालची जागा दाखवली. मोहियोद्दीन यांनी पाण्याची बाटली तिथे जमिनीवर आडवी ठेवली. बाटली हलली नाही. त्यांनी ती फिरवून ठेवली, तरीही हलली नाही.

“इथून गाडी घरंगळली कशी?”

“लग्नाची गर्दी साहेब. कुणी टेकलं असंल, कुणी ढकललं असंल.”

“तिथं नव्हतीच ती.”

आवाज मागून आला. खाकी शर्टातला, साठीचा, ठेंगणा माणूस हात मागे बांधून उभा होता. खांदे रुंद, पाय किंचित वाकलेले.

“पुंजा, गेटवर जा,” नानासाहेब म्हणाले. “तुला कुणी इचारलं?”

“साहेबांनी इचारलं ना, घरंगळली कशी म्हून.”

मोहियोद्दीन यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बोला मामा. कुठं होती मग?”

“बोलून नाय कळायचं. दावतो.”

त्याने बाईंना गाडी न्यूट्रलला टाकून खाली उतरायला सांगितलं. मग तो मारुतीच्या तोंडाकडे गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. गुडघे वाकवले, पाठ बॉनेटच्या कडेला टेकवली, तळहात मांड्यांवर ठेवले. जोर लावल्यासारखं काही दिसलंच नाही. श्वास घेतल्यावर छाती हलते तशी गाडी हलली. तो मागे बघत नव्हता. त्याची नजर समोर, आपल्या पावलांच्या पुढे हातभर अंतरावर होती. गाडी लिंबाखालून निघाली, त्याने पुढच्या चाकाला पायाने रेटा देऊन ते तिरकं केलं तशी वळली, दोन खांबांच्या मधून गेली. दोन्ही बाजूंना चार बोटांहून जास्त जागा नव्हती. मोहियोद्दीन यांचा हात नकळत वर गेला, थांबा म्हणायला. तो तसाच हवेत राहिला.

चालता चालता पुंजाराम बोलत होता. “हितं वकिलाची निळी. हितं मुलाच्या मामाची जीप, तिचं मागलं चाक बसकं. हिच्यामागं खुलताबादवाल्यांची.” रविवारच्या अडतीस गाड्या तो रिकाम्या मैदानातून एकेक करून दाखवत होता आणि जिथे आता काहीच नव्हतं तिथेही वळसा घालून जात होता. मोहियोद्दीन त्याच्यामागून चालले होते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की त्या नसलेल्या जीपला आपणही वळसा घातला आहे.

“नवरीच्या आजीच्या छातीत दुखाय लागलं,” पुंजाराम सांगत होता. “तिची गाडी पार भिंतीला. मधी बाईची. म्हणून ही हलवली अन् पाण्याच्या टाकीकडं आणली. हितं.”

गाडी थांबली. त्याने पाठ काढली नाही.

“बाटली ठेवा साहेब.”

मोहियोद्दीन यांनी ठेवली. बाटली क्षणभर थांबली, मग सावकाश फिरत, काकासाहेबांच्या गाडीच्या दिशेने निघाली. त्यांनी वाकून जमीन पाहिली. फरशी सपाट दिसत होती.

“डोळ्याला नाय दिसत,” पुंजाराम म्हणाला. “पाठीला कळतो उतार.”

“मग चाकाखाली काही ठेवत नाही?”

“वीट ठेवतो. पण दोन मिनटाचं काम असलं की नाय ठेवत. मीच पाठ लावून हुबा ऱ्हातो. म्हातारीची गाडी निघाली की ही पुन्हा जाग्यावर. असा हिसाब.” त्याने पायानेच जवळची वीट ओढली, चाकाखाली सरकवली आणि मग तो सरळ उभा राहिला. “त्या दिशी हाक आली. पाठीवर गाडी हाय हेच डोक्यातनं गेलं. चार पावलं गेलो आन् मागं आवाज झाला.”

“हाक कुणी मारली?”

नानासाहेब खिशात काहीतरी शोधू लागले.

“हाक कुणाची बी असंल,” पुंजाराम म्हणाला. “पाठ माझी व्हती.”

मोहियोद्दीन यांनी बाटली उचलली. तीस वर्षांत त्यांच्यासमोर लोक रडले होते, भांडले होते, कुत्रं आडवं आलं म्हणाले होते, ब्रेक लागलाच नाही म्हणून शपथेवर सांगून गेले होते. धडकेची जागा तर सगळेच दाखवत. आपली जागा स्वतःहून दाखवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

सगळे ऑफिसात येऊन बसले. जबाबाच्या कागदावर नाव, वय, गाव, काम लिहावं लागतं म्हणून मोहियोद्दीन एकेक विचारत गेले. एरवी हे ते मान खाली घालून भरत. आज दर प्रश्नाला त्यांची मान वर येत होती.

गाव सोयगावच्या पलीकडचं. तरणेपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात सरकीच्या गाड्या ढकलल्या. पुढे फर्दापूरला, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहत तिथे. घाटात तापून बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करून द्यायची, हे काम. तिथे एका म्हाताऱ्या हमालाने शिकवलं की हाताने ढकलशील तर मनगटं जातील, पाठीने ढकल. मग औरंगाबादला. या कार्यालयात एकोणीस वर्षं.

“लायसन?”

“नाय.”

“म्हणजे, गाडी येते पण लायसन नाही?”

“गाडी येत नाय साहेब.”

“कधी स्टेअरिंग धरलं नाही?”

“आत बसलोच नाय कधी. जरूर काय? भाईर राहूनच कळती.”

मोहियोद्दीन यांचं पेन थांबलं. एका तिथीला तीस-चाळीस गाड्या, वर्षाला साठ-सत्तर तिथ्या, एकोणीस वर्षं. एवढ्या गाड्या या माणसाच्या पाठीवरून गेल्या होत्या. त्यांच्या मालकांच्या विम्याच्या कागदात, हप्त्यांत, लायसनांत याचं नाव कुठेच नव्हतं. आणि इथून त्यांच्याकडे आलेला पोचा मात्र हा एकच. त्यांना एकदम वाटलं, आपण फार मोठ्या इमारतीच्या पायथ्याशी उभे आहोत आणि वर बघायचं धाडस होत नाहीये.

“अजून एक लिवा,” पुंजाराम म्हणाला. “आवाज झाल्यावर सगळे बाईंनाच म्हणले, तुमचा ब्रेक राहिला. मला तवाच बोलाय पायजे व्हतं. तीन दिस गप बसलो. ते बी लिवा.”

“ते लिहायची गरज नाही, मामा.”

“लिवा.”

त्यांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. “आता ऐका. हा कागद गेला की चूक कार्यालयाच्या माणसाची ठरते. कंपनी कार्यालयाकडे मागणी करील.”

“आन् कार्यालय कुणाकडं बघंल?” नानासाहेब पुढे झुकले. आवाज चढवला नाही त्यांनी. “पुंजा, मी मालकाला काय सांगू? अजून सही नाय झाली. बाई विसरल्या म्हणतेत, साहेब लिहितेत, सगळ्यांचं भागतंय. सही केलीस तर उद्यापासनं काम नाय. राहायची गेटची खोली बी आजच मोकळी करावी लागंल. तुझ्या बायकोचे, भागूबाईचे गुडघे असे. तिला घेऊन जाशील कुठं?”

पुंजाराम कागदाकडे बघत राहिला. खोलीच्या नावाने त्याची मान किंचित खाली गेली होती.

“मामा, राहू द्या हो,” आशाबाई म्हणाल्या. “गाडी चालवणं तर मी सोडणारच आहे. माझं नाव लागलं तर काय बिघडतं? या वयात विसरायला होतंच माणसाला.”

“तुमी इसरल्या नाय बाई.” तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. “तुमी गाडी लावली, तवा तुमचा हात ब्रेकवर व्हता. वढलाच व्हता तुमी. मी काच वाजवली, वढू नका म्हणलो. तुमी माझ्याकडं बघितलं, इचार केला अन् मग सोडला. मी सोताच्या डोळ्यानं बघितलं.”

आशाबाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मूठ उलगडली. किल्लीचे वळ तळव्यावर उमटले होते. “हो,” त्या म्हणाल्या. “काच वाजवली होती. अंगठी होती तुमच्या हातात. टक् असा आवाज आला होता.” आणि त्या रडल्या नाहीत, ताठ बसल्या, वर्गात बसत असतील तशा.

काकासाहेब मघापासून काहीतरी बोलायच्या बेतात होते. आता त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाईंकडे सरकवला.

मोहियोद्दीन यांनी कागद फिरवून पुंजारामपुढे केला. गेल्या तीस वर्षांत असे हजारो कागद त्यांनी एका हाताने सरकवले होते. हा त्यांनी दोन्ही हातांनी दिला. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.

पुंजारामने पेन घेतलं. अक्षरं तो एकेक करून, मोठी, कागदात रुतवून काढत होता. मध्ये एकदा थांबला तेव्हा नानासाहेब खुर्चीत पुढे सरकले. पण तो फक्त उरलेली जागा बघत होता. ती पुरेल असं दिसल्यावर त्याने राहिलेलं नाव पूर्ण केलं.

मग पेनला टोपण लावून ते साहेबांसमोर ठेवलं. उठताना टेबलाला धक्का लागू नये म्हणून खुर्ची न ओढता दोन्ही हातांनी उचलली, मागे ठेवली आणि तो खोली मोकळी करायला गेटकडे निघाला.