करडईचं तेल आणि तिसरा पिस्टन

मी ट्रॅक्टरच्या इंजिनात करडईचं तेल ओतलं. घाण्यावरून आणलेलं, फोडणीचं, चांगलं दोन तांबे. वर इंजिनाच्या माथ्यावर निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं, ते विझू दिलं नाही, आणि आठ दिवस सगळं तसंच मुरू दिलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वंगणाचं तेल परभणीत काय, हैदराबादेतही ओळखीशिवाय मिळत नव्हतं. हे झालं एक कारण. दुसरं कारण असं की मी मिस्तरी नव्हतो. पूर्णेच्या रेल्वे शेडीत दोन वर्षं मी इंजिनं पुसली होती. चिंध्यांनी, आणि बाहेरून. झरी गावाच्या अलीकडच्या एका गावचे मालक तिथं चौकशीला आले, "इंजिनातलं कळतं का रे?" म्हणून विचारलं, आणि मी "कळतं" म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीच संकटं ह्या एका शब्दातून सुरू झालेली आहेत.

ट्रॅक्टर जुना, रॉकेलवर चालणारा. कुंद्याच्या चिवट गवतानं खाल्लेली काळी जमीन खोल नांगरायला मालकांनी तो कधीकाळी आणला होता. गावाबाहेर त्याच्यासाठी पत्र्याची शेड होती आणि शेडीला चिकटून एक खोली. खोलीत पहिल्या ड्रायव्हरची बायको शेडीची राखण करत राहायची. ड्रायव्हर दमेकरी होता. दोन वर्षांमागं, वैशाखातल्या दुपारी, शेडीतच, स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकून गेला. इंजिन चालू होतं. बंद करायला कुणी धजलं नाही. तो मेलेला आणि त्याच्याखाली इंजिन धडधडतंय, असं रॉकेल संपेपर्यंत चाललं म्हणतात. त्यानंतर ते सुरू झालं नाही. सालगडी त्या वाटेनं बैल न्यायचे नाहीत.

मालकांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मृग लागायच्या आत इंजिन चाललं तर ठीक. नाहीतर ट्रॅक्टर भंगारात जाईल, शेडीचे पत्रे वाड्यावर जातील, खोलीही पडेल.

"मग मावशींनी कुठं जायचं?" मी विचारलं.

"राखायला काई राहिलंच न्हाई तर राखणदार कशाला?" मालक म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यांना त्या शेडीवरून गावाची कुरकुर ऐकावी लागत होती. बाईला माहेर उरलं नव्हतं, हे मला सालगड्यांकडून कळलं. तिनं स्वतः काही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी पुढचं हँडल लावून फिरवलं. फिरलं, पण फार सहज. आत जो दाब मनगटाला लागायला हवा तो नव्हता. आणि दर फेऱ्याला, तेल भरायच्या नळीच्या तोंडातून, श्वास आला. आधी लांब सुस्कारा, मग शेवटी बारीक शिट्टी. मी थांबलो की थांबायचा. पुन्हा फिरवलं की पुन्हा, तस्साच, छातीत अडकून सुटल्यासारखा.

माझ्याबरोबर आलेले दोन सालगडी शेडीबाहेर जाऊन उभे राहिले.

बाई दाराशी होती. चाळिशीची, बारीक, हातात घागर. ती म्हणाली, "दुपारची अशीच धाप लागायची त्यांला."

त्याचा उलगडा मला आज करता येतो. पिस्टनच्या अंगावर खाचा असतात, खाचांत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कड्या बसवलेल्या असतात, त्यांना रिंगा म्हणायचं. त्या मोकळ्या राहिल्या तर सिलिंडरच्या भिंतीला दाबून बसतात. काजळीनं खाचेतच अडकल्या तर वारा त्यांच्या बाजूनं निसटतो आणि सूं करतो. तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा अडकल्या होत्या. पूर्णेच्या एका म्हाताऱ्या फिटरला मी बोलताना ऐकलं होतं, अडकलेल्या रिंगांवर तेल ओतून मुरू द्यावं. कुठलं तेल, ते ऐकायच्या आत मला कुणीतरी चहा आणायला पाठवलं होतं.

तेल मुरत होतं ते आठ दिवस बाई रोज दुपारी शेडीत येऊन बसायची. निखारे बघायची, मला बघायची. चौथ्या दिवशी शेडीत तळणाचा नव्हे, वेगळाच वास सुटला. उग्र, गोडसर. मला वाटलं, काम व्हायलंय.

नवव्या दिवशी हँडल लावलं. हललं नाही. दोन्ही हातांनी, मग पाय लावून, मग सालगड्याला बोलावून. इंजिन एकसंध दगड झालं होतं. आणि तो श्वासही थांबला होता. पत्रे उन्हानं कडकडत होते तेवढाच आवाज.

"गेला वाटतं," सालगडी म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

मी कुणाच्या तोंडावर उशी दाबून धरल्यासारखं बाईनं माझ्याकडं बघितलं.

"काय वतलं व्हतं?"

"करडईचं."

"अन् वर इस्तू ठिवला." ती जवळ आली, प्लगच्या भोकातून बोट घालून बाहेर काढलं, बोटाला लागलेलं घासून पाहिलं. "माझा बाप इहिरीच्या मोटा शिवायचा. मोटेच्या चामड्याला हेच तेल आटवून लावायचे. वाळलं की पाणी शिरत न्हाई. दगड व्हतं."

म्हणजे मी इंजिनाला आतून रोगण लावलं होतं. गावात कुठल्याही बाईला, विहिरीवरच्या कुठल्याही गड्याला हे ठाऊक होतं. मी कुणाला विचारलं नव्हतं, कारण मी मिस्तरी होतो.

त्या रात्री पूर्णेला पळून जावं असं मनात आलं. सकाळी निघालोही. खोलीवरून जाताना बाई दारात पाना घेऊन उभी होती. नवऱ्याचा असावा. "डोस्कं काढ इंजिनाचं," ती म्हणाली. "ते म्हणायलेत, आधी डोस्कं."

ते म्हणायलेत. मी नीट ऐकलं होतं. म्हणायचे, असं ती म्हणाली नव्हती.

माथा काढला, खालचं तेलाचं पात्र काढलं. रॉकेल ओतून दोन दिवस ठेवलं, बाभळीचा ठोकळा लावून ठोकलं. बाकीचे तीन पिस्टन रॉकेलनं सुटले. तिसरा आला तो शेवटी, इंच इंच. त्याच्या अंगावर मधाच्या रंगाची काच चढली होती आणि काचेत एक डास होता, पाय पसरलेला. रिंगा कुठं आहेत हे दिसतही नव्हतं. बाईनं कढईत पाणी आणि पापडखार टाकून तो पिस्टन चुलीवर उकळायला ठेवला. सकाळपासून दुपारपर्यंत. कढईतून तसलाच वास आणि फेस.

मग रिंगा सोडवायच्या. बीड ठिसूळ असतं, जरा जास्त ताणलं की तुटतं, आणि नवी रिंग त्या वर्षी कुठं मिळणार नव्हती. एक तुटली की खोली गेली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पेचकस घातला, जरा उचकलं. टिक असा आवाज आला.

"थांब. ते थांब म्हणायलेत."

तिचा हात माझ्या मनगटावर होता. वैशाखातल्या भर दुपारी, चुलीशेजारी बसलेल्या बाईचा हात गार होता. तिनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरून बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या केल्या. एक रिंगेच्या टोकाखाली सरकवली, मग दुसरी, पट्टी पट्टीनं रिंग खाचेबाहेर उचलत नेली. मी धरायचं तेवढं धरलं. दोनदा माझ्या हातून पट्टी निसटली. तिचा श्वास हळूहळू बदलला. लांब, आणि शेवटी बारीक शिट्टी. पापडखाराच्या वाफेनं झालं असेल, असं मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं.

सगळ्यात खालची रिंग निघाली तेव्हा ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "त्या खाचेत तेल उतरायची भोकं हायेत, पाच. एक बुजलंय."

मी मोजली. चार.

"चारच हायेत, मावशी."

"पाच."

दाभणानं खाच खरवडत गेलो. काजळीखाली दाभण एका जागी आत शिरला. पाचवं भोक होतं. हा पिस्टन ह्या आधी कधी बाहेर निघाला होता का, हे मी तिला विचारलं नाही. त्याच दिवशी विचारायला हवं होतं, पण मी भोक साफ करत बसलो.

जोडायला तीन दिवस गेले. हँडल लावलं. फिरवलं तर इंजिनानं मनगट मागं ढकललं, जिवंत जनावर ढकलतं तसं. नळीतून काही आलं नाही. बाई नळीला कान लावून बसली होती. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा. ती उठली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "लाव आता."

चौथ्या झटक्याला लागलं. निळा धूर शेडीभर झाला, पत्रे थरथरले, आणि दोन वर्षांनी ती धडधड गावात ऐकू गेली. अर्ध्या तासानं मालक आले, मागं सालगडी, अंतर राखून. मालकांनी इंजिनावर हात ठेवला. कुंद्याच्या जमिनीकडं बघितलं, मग बाईकडं.

"खोली ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "भंगारवाल्याला मी सांगतो. शाब्बास मिस्तरी, काम केलंत."

मी धुरानं काळा झालेलो होतो आणि तोवर घाबरायचंही विसरलो होतो. मोठेपणानं म्हणालो, "एकट्याच्या हातचं काम नव्हतं, मालक. मावशींचीही थोडीफार मदत झाली."

बाई घागर उचलत होती. तिनं मान वळवली नाही.

"मी अन् माझ्या माणसानं केलं, मालक," ती म्हणाली. "ह्यो आपला मधी मधी कडमडत व्हता."